बिजागरी

फहाहीलला, चौथ्या मजल्यावर,
स्वयंपाकघराच्या खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
दिवसभर मी तिथे तेल मोजतो:
बाटलीवर चिठ्ठी, दाटपणा, तापमान, सही.
संध्याकाळी घरी येऊन
कांदा पाण्यावर परततो.

आधी कोरड्या कढईत, नुसता.
तो घाम सोडतो, मग तळाला धरतो,
तेव्हा चमचाभर पाणी. चर्र. सोडवायचा.
पुन्हा धरतो. पुन्हा चमचाभर.
रुसलेल्या माणसाशी बोलावं तसं,
फार नाही, थोडं थोडं.
वीस मिनिटांनी तांबूस होतो
आणि मला दरवेळी नवल वाटतं.

परकारला मार्चमध्ये दोन स्टेंट बसले.
अदान हॉस्पिटलातून आला तो हातात कागद घेऊन:
तेल नाही, तूप नाही, दूध नाही, अंडं नाही,
मासळी...
इथे त्याने कागद माझ्याकडे दिला
आणि चष्मा पुसत बसला.
हर्णैचा माणूस. नुसत्या वासावरून
बांगडा कालचा की परवाचा ते सांगणारा.

पहिला आठवडा आम्ही पथ्य जेवलो.
मोहरी कोरडी भाजली की उडते खूप,
पण आमटीत पडताना काही बोलत नाही.
दुसऱ्या आठवड्यात अख्खे मसूर, रात्रभर भिजवलेले,
त्यात काळं वाळलेलं लिंबू, लूमी,
सुरीने दोन भोकं पाडून,
कोपऱ्यावरच्या बेहरूझने सांगितलं तसं.
सोबत भाकरी.
भाकरीने कधी कुणाकडे तेल मागितलंय?

कुळीथ मिळायला जून उजाडला.
मलबारी दुकानात, मागच्या फळीवर,
मुतिरा नावाने लपून बसले होते.
भाजले, मिक्सरमधून काढले, पिठी केली.
आमसूल, ठेचलेली लसूण, जाळावर धरलेली मिरची.
परकार पहिल्या घोटाला थांबला.
म्हणाला, आमच्याकडे पावशेर तेल यायचं, ईदच्या आधी.
आई नारळाच्या शेंडीने तव्याला नुसतं दाखवायची.
बाकीचं वर्ष हेच. शाळेत डबा उघडायची लाज वाटायची.
आता तेच डॉक्टर इंग्रजीत लिहून देतो.
हसला,
आणि वाडग्याचा तळ बोटाने पुसून घेतला.

शुक्रवारी सलमियाची मंडळी आली.
खजूर, तीळ, नाचणीचे लाडू ठेवले.
मकरंद पाध्ये म्हणालाच:
तेलाच्या देशात राहून घरात तेल नाही?
हा विनोद आम्ही इतक्यांदा ऐकलाय
की परकार हल्ली त्याला चहा ओततो.
बिनदुधाचा.

सिंकखाली तेलाची एक बाटली आहे,
मार्चपासूनची, अर्धी. टाकवत नाही.

परकारच्या खोलीचं दार करकरतं.
रात्री दोनला तो उठतो.
त्या करकरीवर मी जागा होतो,
पावलं, नळ, पेला ठेवल्याचा आवाज,
पुन्हा कर्र.
मग मी झोपतो.
हे मी त्याला कधी सांगितलेलं नाही.

परवा मी ड्यूटीवर असताना त्याने ती बाटली काढली
आणि बिजागरीत चार थेंब सोडले.
"तुझी झोप मोडते ना रे," म्हणाला.

रात्रभर दार गप्प.
दोनला मी जागा, अडीचला जागा,
तीनला उठून त्याच्या दाराशी अनवाणी उभा राहिलो.
घोरत होता. भसाडा, नेहमीसारखा.

सकाळी तो अंघोळीला गेला तेव्हा
मी ऊन पाणी घेतलं, लिंबाची फोड, जुना बनियन,
आणि बिजागरी पुसली, आतल्या खिळ्यापर्यंत.
दार हलवून पाहिलं.
नाही.
पुन्हा पुसली.
दार बारीकसं काहीतरी कुरकुरलं.

पुरे एवढं.
मसूर भिजत घातले
आणि बससाठी खाली उतरलो.