प्रश्नचिन्ह

ओटागोच्या उघड्या टेकडीखाली
कधीकाळी तळं होतं. त्याचा गाळ
मेरेआना चाळणीत धुते, यंदा सातवा उन्हाळा.
बदकं निघतात पोत्यानं.
सुरयाचं मात्र आजवर एकच हाड,
आगकाडीहून बारीक, टोकाला तुटलेलं.

डबीवर तिच्या गुरूचं अक्षर: ‘सुरय?’

मधल्या काळात सुरयांचं वेगळं घराणं मोडलं.
रक्त तपासून त्यांना कुरवांच्या खटल्यात आणून बसवलं,
आणि आत गेल्यावर
एका चुलीच्या कितीतरी चुली झाल्या.
मेरेआनानं जुनी लेबलं काढली, नवी लिहिली.
प्रश्नचिन्ह तेवढं
जसंच्या तसं उतरवून घेतलं.

पोकळ हाडं, वाऱ्याच्या मापाची.
दगड व्हायचं तर अंगात थोडं वजन लागतं.

नदीपलीकडे मॅकरायचा ट्रॅक्टर जमीन उलथतोय,
मागे काळ्या टोप्यांची झुंबड,
एकेका अळीवरून कचाकचा भांडण.
तिच्या घरी यांना तारापिरोहे म्हणतात;
त्या नावाला कुणी अजून हात लावलेला नाही.

एक तिच्या डोक्यावरून जातो,
इतका खालून, की पंखाचं वारं कानाला लागतं.
ती ओल्या हातानं ऊन अडवून बघते.

याला काय विचारणार?
हा घाईत आहे.