काचेवरचा अंगठा

एरंडेलाला वाळायचं माहीतच नसतं.
वर्षभर ठेवा, बोट लावा,
ओलंच.

शिरोलीच्या शेडमध्ये आम्ही ते किटलीत चढवतो,
अडीचशे अंशांवर, चिमूटभर आम्ल,
आणि त्याच्या अंगातलंच पाणी
वाफ होऊन नळीतून थेंबथेंब उतरतं.
वाटीभर निघालं की मी आच काढते.
पाणी गेलं तिथे दुहेरी बंध उरतो,
वाऱ्याला धरायला मोकळा हात.

पहिला घाणा काचेवर ओढला.
हिंदुराव लोहार बघायला आले.
चाळीस वर्षं ट्रकांच्या फाळक्यांवर
जवसाच्या तेलातला रंग चढवलेला माणूस.
दुसऱ्या दिवशी अंगठा टेकवून म्हणाले,
"धरतंय अजून. जवस असतं तर
एव्हाना साय आली असती."

चौथ्या दिवशी वाळलं.
काच तराजूवर ठेवली,
तर आधीपेक्षा जड.
हिंदुरावांनी चष्मा पुसला.
"मिरची वाळली की पोतं हलकं होतंय. धुणं बी.
हे कसलं वाळणं, पोरी?"
म्हटलं, हे हवा पिऊन वाळतं.

उद्यमनगरची बस येईपर्यंत गप्पच होते.
मग पायरीवर पाय ठेवता ठेवता:
"म्हंजे जुन्या फाळक्यांत
त्या त्या सालचा वारा आसंल की अजून."

डबे गेले. बिल अडकलंय.
काच मात्र मी कुणाला दिली नाही.
खिडकीत उन्हाकडे तिरकी धरली
की दुसऱ्या दिवसाचा तो अंगठा दिसतो,
रेघन् रेघ,
कडक.