तिसरी खेप

लिव्होर्नोच्या बंदरामागे, दोरखंडवाल्यांच्या गल्लीत
एलिओ अत्तियासचं घड्याळांचं दुकान.
मी तिथे शिकाऊ. केसाएवढ्या स्प्रिंगा
पेट्रोलात बुडवायच्या, मोजायच्या, गप्प बसायचं.

ओरेस्ते आला त्या दिवशी सप्टेंबरचा वारा
काचांवर मीठ थापत होता.
एलिओच्या बापाचं जहाजी घड्याळ
अकरा वर्षांपूर्वी त्यानंच परस्पर विकलं,
वर चोरीला गेलं म्हणाला होता.
आज चेहरा न्हाऊन आल्यासारखा.
"पाद्रीबाबांपाशी सगळं ओकलो. माफी मिळाली."

एलिओनं डोळ्यावरचं भिंग काढलं नाही.
"घड्याळ पाद्रीबाबांचं होतं?"

ओरेस्तेला हसू आलं, ते त्यानं गिळलं.
म्हणाला, माणूस जन्मतोच तडा घेऊन,
आपल्यानं सांधत नाही तो. म्हणून तर देव
स्वतः उतरला, हाडामांसात, थेट खिळ्यांपर्यंत.
फेडलंन सगळं. तुझंही.

"माझं फेडायला कुणी सांगितलं त्याला?"
चिमट्यात दातेरी चाक, आवाज तेवढाच हळू.
"देव एक. त्याला ना देह, ना मुलगा.
रोज सकाळी जीव कोरा करून देतो हातात,
मळवतो मी, धुवायचाही मीच.
त्याचं देणं तो सोडेल, उपासाच्या दिवशी.
तुझ्यामाझ्यातलं मात्र त्याच्याही हाती नाही.
त्याला तूच यायचंस. तीनदा."

"आणि तीनदाही नाही म्हणालास तर?"
"मग पाप माझ्या खात्यावर."

ओरेस्ते टोपी चुरगाळत राहिला.
"चुकलो, एलिओ."
"एक," एलिओ म्हणाला, आणि चाक बसवलं.

गुरुवारी पुन्हा आला, मासळी घेऊन.
"दोन. मासळी ने परत."
"तुझं काळीज आहे की ऐरण?
आमचा तारणारा येऊन गेलासुद्धा,
तुम्ही अजून दाराकडे डोळे लावून!"
"जग बघ बाहेरचं," एलिओ म्हणाला,
"कुणी येऊन गेल्यासारखं दिसतंय?
वाट बघायची सवय आहे आम्हाला."

उपासाची संध्याकाळ. ऊन गच्चीवरून उतरत होतं.
भिंतीवर चाळीस घड्याळं, चाळीस वेळा,
एलिओ मात्र दाराकडेच बघत होता.
पांढरा सदरा घातलेला, चपला कापडी.
दिवे लागायच्या आत जेवून घ्यायचं होतं,
ताट झाकलेलंच.
एकदम म्हणाला, "पळ. त्याला सांग,
तिसरी खेप राहिलीय."

पळालो. हाताला पेट्रोलचा वास.
ओरेस्ते त्याच्या जिन्यात बसला होता,
कोट अंगात, एकच बूट पायात.
म्हणाला, "दुपारपासून घालतोय हा दुसरा."