उसनी साडेसहाशे

क्लचप्लेट गेली तेव्हा जुबेर म्हणाला,
पार्ट भेटून नाही राह्यला भाऊ, उद्या संध्याकाळ होईन.
मग त्यानं कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे पाहिलं,
मग माझ्याकडे,
मग गल्लीत कुणी ऐकत तर नाही ना.
"घेऊन जा. मालक हैदराबादले गेला.
पाडू नको बे फक्त."

मी एकोणीस वर्षं शंभर सीसीवाला.
नंदनवन, सक्करदरा, अयोध्यानगर, मानेवाडा –
पहाटे साडेपाचपासून उपाशीपोटी माणसांचं रक्त
निळ्या डब्यात बर्फाला टेकवून उभं करतो
आणि धंतोलीच्या लॅबला पोचवतो.
कुठला खड्डा कुठं, हे माझ्या कमरेला पाठ.
काटा चाळीसच्या वर गेला
की मागे नळ्या एकमेकींशी बोलायला लागतात.

स्टँडवरून सरळ केली तेव्हाच कळलं,
ही उभी आहे ती माझ्यावर उपकार म्हणून.
माझे नुसते चवडे टेकत होते.
स्टार्टर दाबला.
आवाज कानात आला नाही,
आधी दाढेत आला,
मग खिशातल्या पेनात.

डबा मागच्या सीटवर रबरानं तीनदा आवळला.
अर्ध्या शहराचं रक्त घेऊन
मी दुसऱ्या गिअरची वाट पाहत राहिलो
आणि सक्करदरा पहिल्यातच संपला.

मानेवाडा चौकात सिग्नल.
इंजिनाची ऊब पोटरीला चाटत होती.
बाजूच्या स्कूटीवरचा पोरगा म्हणाला,
काका, अ‍ॅव्हरेज किती देते?
ज्याला माहीत तो हैदराबादला,
असं म्हणवेना.
मी नुसती मान हलवली,
श्रीमंत माणसं हलवतात तशी.

ओंकारनगरच्या पुढे सिमेंटचा रस्ता मोकळा होता.
मनगट वळलं असेल करंगळीच्या नखाएवढं.
खड्डे आले नाहीत.
होते तिथेच, पण आले नाहीत,
दुसऱ्याच्या घरचे असल्यासारखे खालून निघून गेले.
डोळ्यांतलं पाणी गालावर न उतरता
आडवं, कानाकडे गेलं.
काट्याकडे पाहिलं तर नव्वद.
त्या दीड मिनिटात
मला एकाही पेशंटचं नाव आठवत नव्हतं.

दुपारी लॅबमधून ठवरे मॅडमचा फोन.
मेश्राम, सात नंबरचं सॅम्पल गेलं.
सीरम लालेलाल.
उद्या परत घ्या. आणि,
हळू या ना जरा.

सात नंबर म्हणजे कुसुमताई गिरडकर,
अयोध्यानगर, तिसरा मजला,
शिरा इतक्या बारीक
की एका हाताला दहा मिनिटं, दुसऱ्याला पंधरा.

दुसऱ्या संध्याकाळी माझी मला मिळाली.
बसताना टांग फार उंच गेली,
जिन्यात नसलेल्या पायरीवर जातो तसा पाय.
तिसऱ्या दिवशी पहाटे म्हाळगीनगरच्या वळणावर
पहिला खड्डा बरोब्बर तिथंच.
कंबरेनं ओळख दिली.

"त्या दिवशी बराबर नाही घेतलं का रे तू?"
"घेतलं बरोबर. नेलं चुकीचं."
पट्टा बांधला. शीर नेहमीसारखी दडून.
गाडी दुसरी होती, मी म्हणालो,
आणि त्या रागावतील म्हणून कोपराच्या खळगीतच बघत राहिलो.
"मोठी होती?"
"साडेसहाशे."
"म्हणजे कशी?"

आता कशी.
सुरू केली की आधी दाढा वाजतात, म्हटलं.
बाजूची पोरं काका म्हणतात, पण आदरानं.
ओंकारनगरच्या पुढे रस्ता मोकळा होता, अन्
"अन्?"

त्यांची मूठ घट्ट आवळलेली,
मनगट किंचित खाली वळलेलं,
मी सांगितलं नव्हतं.
बोटाखाली
शीर वर आली.