पासंग

कुरियन सरांचा मेल शुक्रवारी संध्याकाळी आला,
नेमका मी दुधाच्या पिशवीचं टोक दातांनी तोडत असताना.
व्हाइस प्रेसिडेंट.
आणि त्यामागे एक आकडा,
जो मी प्रफुल्लला आधी अक्षरी वाचून दाखवला, मग अंकी.
आठवड्यातले चार दिवस हैदराबाद.
सोमवार दुपारपर्यंत उत्तर.

प्रफुल्ल म्हणाला, घे.
मग म्हणाला, बघ, तुझं तू.
दोन्ही वेळा तो कुकरची शिटी बसवत होता.

रात्री दीडला एक्सेल उघडलं.
डावीकडे: घराचे हप्ते, अकरा वर्षांऐवजी चार.
रेवाची फी. बाबांचा गुडघा.
उजवीकडे: रेवा.
पुढे काही सुचेना.
झोपताना ती माझ्या कानाची पाळी धरते,
या मजकुराला कुठला फॉरमॅट द्यायचा?
खाली ठाणे-बेलापूर रस्त्यावरून कंटेनर चालले होते,
प्रत्येकाच्या पाठीवर त्याचं वजन छापलेलं.

एक गोष्ट मी कुठल्याच रकान्यात लिहिली नाही.
मला ते काम हवंय.
पैशासाठी नाही, म्हणजे पैशासाठीही,
पण भरल्या खोलीत अडलेलं गणित
माझ्या एका वाक्यावर वळतं ना,
त्या क्षणासाठी.
समाधानाबद्दल बोलणारी माणसं
हे फार पटकन हाव म्हणून खात्यावर टाकतात.
आमच्यातली एक सगळं सोडून कर्जतला गेली,
मातीची भांडी करते, छान हसते.
नवऱ्याच्या नावावर ऐरोलीत तीन फ्लॅट आहेत,
तेही हसत असावेत.

बाबा तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात तोलणार होते.
पहिल्या गोणीला कधी ‘एक’ म्हणाले नाहीत,
‘लाभ’ म्हणायचे,
मग दोन, मग तीन.
कोपरखैरण्याचा आमचा जिनाही मी तसाच चढायचे.

रविवारी सकाळी त्यांच्यासोबत निसर्ग उद्यानात गेले.
इथे पूर्वी शहराचा कचरा पडायचा,
आता वर झाडं आहेत, लोक उलटे चालतात.
बाबांना आकडा सांगितला.
ते बाकावर टेकले, गुडघा चोळला.
“रिकामा काटा बघितलास?”
म्हणजे?
“माल टाकायच्या आधी रिकामी पारडी बघायची.
एक जरा झुकलेलंच असतं, काटा कुणाचाही असो.
दुसऱ्याला पासंग बांधायचा, मग तोलायचं.
नाहीतर दिवसभर खरं बोलून वजन खोटं.”
मग म्हणाले, चहा घेऊ, बिनसाखरेचा,
आणि स्वतःच्यात दोन चमचे घालून घेतली.

माझा रिकामा काटा.
नववीत सहल होती, ऐंशी रुपये.
मी बाईंना सांगितलं, मला गाडी लागते.
नाही लागत. कधीच लागली नाही.
पण कुणी विचारलं तर आजही तोंडातून तेच येतं,
आणि काहीच न टाकता
ते ऐंशी रुपयांचं पारडं जमिनीला टेकलेलं असतं.
गेली सतरा वर्षं
प्रत्येक पगारवाढ मी तिथेच टाकत आले.
वर दुसरं पारडं हलत राहिलं, वाऱ्यावर,
आणि मी त्यालाच सुख समजत होते की काय,
कोण जाणे.

सोमवारी साडेअकराला उत्तर लिहिलं.
काम घेते. हैदराबाद दोन दिवस.
त्यापुढे ‘नाहीतर’ लिहिलं होतं,
ते खोडलं. बराच वेळ लागला खोडायला.
पाठवलं.

अजून काही आलेलं नाही.
प्रफुल्ल दर तासाला फोनकडे बघतो, माझ्या.
गुरुवारी रेवाची सहल आहे, चौदाशे रुपये, भरून टाकले.
तिला गाडी लागते,
खरोखरच लागते,
तरी जायचंच म्हणते.
तिच्या दप्तरात एक लिंबू टाकलंय, आणि दोन पिशव्या.