काट्यांची नावं

पहाटे साडेतीनला ससून डॉकच्या शेडमध्ये
लाईट गेली आणि आली, एवढंच.
पण तेवढ्यात दोन काट्यांनी आपसात नावं बदलली.
शून्य नंबरचा झाला एक, एक नंबरचा शून्य,
आणि चाळीस किलो बोंबील
पापलेटच्या भावानं कोटियनच्या बिलावर चढले.

जयवंतीबाई तांडेल फोनवर म्हणाली,
"काटा खुळावलाय. ये."

काटा खुळावला नव्हता.
वजन बरोबर होतं, ग्रॅमला ग्रॅम.
चुकलं होतं ते फक्त कुणाचं, हे.

जुना डबा, कीबोर्डवर खवले,
आत लिनक्स, मीच घातलेलं.
फुकट आहे, हे तेव्हा तिला सांगितलं होतं.
उघडं आहे, हे सांगायचं राहिलं.
जो आधी हात वर करेल त्याला ते शून्य म्हणतं,
मागून येईल त्याला एक.
काल कोण कोण होतं, त्याच्या गावीही नसतं.

म्हणून नियम लिहायचे.
फाईलच्या नावाआधी नव्याण्णव,
म्हणजे सगळ्यांचं बोलून झालं की आपला शब्द.
अमक्या कंपनीचा, तमक्या क्रमांकाचा
कुणी दारात आला तर हाक मार: पापलेट.

यात बरोबरची खूण दोनदा काढली
तर ते विचारणं: तूच का तो?
एकदाच काढली तर सांगणं:
आजपासून तू हा.
पहिल्या खेपेला मी विचारायच्या जागी सांगून बसलो.
(घरीही माझं असंच होतं.)
यंत्र भांडलं नाही.
कुठल्याशा वहीत माझी चूक टिपून
ती ओळ ओलांडून पुढे गेलं.

खरी अडचण नंतर कळली.
दोन्ही वायरी लॅमिंग्टन रोडच्या,
एकाच टपरीवर मीच घासाघीस करून घेतलेल्या,
आणि दोघींच्या पोटात अनुक्रमांक एकच:
शून्य शून्य शून्य एक.
कारखान्यात दुसरीपर्यंत कुणी मोजलंच नव्हतं.

मी कपाळाला हात लावून बसलो
तेव्हा सुरमईचं डोकं वेगळं करता करता जयवंतीबाई म्हणाली,
"आमच्यात तीन हिराबाई हायेत.
एक विहिरीवरची, एक देवळामागची,
एक लिफ्टच्या बिल्डिंगीतली.
पत्रिका चुकीच्या घरी गेलीय कदी?"

मग मी जागा लिहिली.
कोण आहेस ते नाही, कुठे टेकलास ते.
भिंतीकडच्या भोकात येईल तो पापलेट,
बर्फाकडच्या भोकात येईल तो बोंबील.
खाली परवानगी: काट्यावर बसणाऱ्या दोन पोरांपुरती.
सहा-सहा-सहा लिहिलं की दार सताड, सगळ्यांना;
घाईत मी तेही पुष्कळदा लिहिलंय.

नियम पुन्हा वाचायला लावले.
मेन स्विच पाडला. शेडभर शिव्या.
चढवला.
पडद्यावर आधी बोंबील आला, मागून पापलेट.
आगेमागे आले, पण आपापल्या नावाने.

शेवटी एक ओळ, सुरुवातीला जाळीची खूण घालून.
अशी ओळ यंत्र वाचत नाही,
ती आपल्यातलीच कुणी वाचायची असते:
वायरी हलवू नका. हलवल्या तर जयवंतीबाईंना विचारा.

तिने निम्मे पैसे दिले, निम्म्याचे दोन हलवे,
आणि फोनमध्ये माझा नंबर घातला:
काटेवाला ल्यामिंटन.
नाव विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.
लॅमिंग्टन रोडवरचा माझा गाळा चार महिन्यांपूर्वीच सुटला होता,
तेही सांगितलं नाही.

परवा पहाटे पुन्हा फोन.
शेड रंगवून झाली, टेबल फिरवलंय,
भिंत आता बर्फाकडे आहे.
"ये," म्हणाली.