मोर्तब

गुजरीतल्या आमच्या माडीवर
शिरगाव्यांची ऋजुता आली, चपला जिन्यात काढून,
मोबाईलमध्ये कुठल्याशा जुन्या राजाची मोहर घेऊन:
धावता घोडा, उपसलेली तलवार,
कडेनं गोल फिरलेली अक्षरं, कुणालाच न वाचता येणारी.
"अशीच हवी. लग्नाच्या पाकिटांवर.
राजाच्या जागी फक्त ऋ."

दादा म्हणाले, "घोडा कुणीकडं पळवू?"
ती हसली.
चेष्टा नव्हती ती.
मेणात घोडा महाद्वाराकडं पळायचा असेल
तर पितळेत तो भवानी मंडपाकडं पळवावा लागतो.
साडेतीनशे ॲडव्हान्स. तारीख वीस.

पन्नास वर्षं हा माणूस उलटं लिहीत आला.
कचेऱ्या, सोसायट्या, कारखान्याचं गोदाम,
कोर्टातल्या मुद्देमालाच्या पोत्यांवरची लाख,
सगळं त्यांच्या हातून उलटं निघालं
आणि बाहेर जाऊन सुलटं झालं.
घरात मात्र सरळ एक वाक्य बोलल्याचं आठवत नाही.

अकरा तारखेला उजवी बाजू गेली.
घोड्याचे मागचे पाय तेवढे झालेले.

सीपीआरमध्ये डाव्या हातात पाटी दिली.
त्यांनी लिहिलं. डॉक्टरांनी पाटी फिरवून फिरवून पाहिली.
"अर्थ लागत नाही," म्हणाले, "वेळ द्या."
मला आरसा लागला नाही.
शाळेच्या आधी मी पितळेतली अक्षरं वाचायला शिकले होते:
पोरीचे साडेतीनशे परत दे.

दिले नाहीत.
रात्री दिव्याखाली पुढचे पाय मी कोरले,
तलवार कोरली, जरा आखूडच.
मग ऋ.
एरवीही कुणी फारसं लिहीत नाही ते अक्षर,
त्यात उलटं.
त्याच्या पायाशी कोरणी घसरली.
पितळेला खोडरबर नसतो.

वीस तारखेला ती मरून रंगाच्या कांड्या घेऊन आली.
त्या मेणाला वासच नाही.
आमची लाख जळायची तेव्हा
खालच्या बांगडीवाल्यालाही कळायचं, माडीवर काहीतरी बंद होतंय.
थेंब पडले, मी शिक्का ठेवला, दहा मोजले, उचलला.
घोडा महाद्वाराकडं निघालेला.
"सेम!" ती म्हणाली. ओरखडा तिला दिसला नाही.

नमुन्याचं पाकीट घेऊन मी दवाखान्यात गेले.
दादांनी डावा अंगठा मेणावरून फिरवला,
शेपटीपासून, सावकाश,
आणि ऋच्या पायाशी थांबवला.
बराच वेळ.
मग पाटी मागितली.
एकच शब्द. आणि ह्या खेपेला सुलटा.

नर्सनं लांबूनच वाचला, मोठ्यानं,
"खोल! बघा, आलं की नीट!"
आणि डॉक्टरांना सांगायला धावली.

मी पाकीट हातात घेऊन उभी.
घाव खोल गेला म्हणतात,
की खोल म्हणतात?